बेस गिटारची झणझण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चांदणी चौक मागे टाकून पौडच्या रस्त्याने भूगावात येणाऱ्यास, चैत्र-वैशाखातील कोरडी हवा आणि आषाढ-श्रावणातील मुळशीकडची ओल यांत केवढे अंतर आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. आणि जिच्या लाकडी नेकवर चार तारांची मिळून सुमारे ८० किलोंची ओढ अहोरात्र असते, त्या बेस गिटारला या ऋतुचक्राची झळ लागल्यावाचून राहत नाही. ओलाव्याबरोबर नेक कधी पुढे वाकते, कधी मागे झुकते. तारा झणझणू लागतात. आणि मग वाद्याविरुद्ध जे निकाल दिले जातात, त्यांतील बहुतेक तपासाविनाच दिलेले असतात.

गैरसमज : तार झणझणली, म्हणजे वाद्य हलक्या प्रतीचे किंवा फ्रेट झिजलेले.

वस्तुस्थिती : कंप पावणारी तार पुढच्या एखाद्या फ्रेटला लागते, एवढेच झणझणीवरून सिद्ध होते, ती कोठे लागते, यावरून दोषाचा ठाव लागतो. मोकळी तारच तेवढी झणझणत असेल, तर नटची खाच खोल गेलेली असण्याचा संभव अधिक. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर असेल, तर नेकचा बाक नाहीसा झालेला. बाराव्या फ्रेटच्या पुढेच असेल, तर सॅडल खाली आहे किंवा बाक प्रमाणाबाहेर वाढला आहे. आणि एकाच जागी असेल, तर तिच्या लगतचा पुढचा फ्रेट वर आलेला असावा. कानस अगदी शेवटी हाती घ्यावी, कारण घासलेला धातू परत मिळत नाही.

गैरसमज : ब्रिजवरचे सॅडल उंच केले की काम झाले.

वस्तुस्थिती : सॅडल १ मिमी चढवले, तर बाराव्या फ्रेटवर तार ०.५ मिमी उचलली जाते, पहिल्या फ्रेटवर मात्र जेमतेम ०.०६ मिमी, तेव्हा नटकडची तक्रार या उपायाने मिटत नाही, आणि वरच्या फ्रेटांवर बोटांचे श्रम तेवढे वाढतात. म्हणून आधी तारा सुरात लावून एक तार पहिल्या व शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी, म्हणजे ताणलेली तारच पट्टीचे काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली सुमारे ०.३ ते ०.४ मिमी फट दिसली, तर नेकवरचा आरोप बहुधा रद्द समजावा.

गैरसमज : ट्रस रॉडला हात लावला की नेक मोडते.

वस्तुस्थिती : गिब्सनच्या कारखान्यातील थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली ज्याचे पेटंट मिळाले, तो हा रॉड फिरवण्यासाठीच बसवलेला असतो. सर्वसाधारण रॉड घड्याळाच्या दिशेने आवळला की बाक कमी होतो, उलट सैल केला की वाढतो. मात्र एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, प्रत्येक वेळी तारा पुन्हा सुरात लावून फट पाहावी, आणि रॉडचा नट जाम लागला तर बळजबरी न करता वाद्य जाणत्या कारागिराच्या स्वाधीन करावे.

गैरसमज : दोष असेल तर तो वाद्याचाच, वादकाचा संबंध नाही.

वस्तुस्थिती : सर्वांत जाड 'ई' तार ४१.२ हर्ट्झवरून 'डी'च्या ३६.७ हर्ट्झवर उतरवली, की तिचा ताण सुमारे २० टक्क्यांनी घटतो, कंपाचा विस्तार वाढतो आणि कालपर्यंत निर्दोष असलेले वाद्य आज बोलू लागते. जोराचा आघात आणि फ्रेटपासून दूर दाबलेले बोट यांचा परिणामही याच जातीचा.

गैरसमज : झणझण म्हणजे सर्वथा त्याज्य.

वस्तुस्थिती : आपल्याच महाराष्ट्रात, मिरजेच्या कारागिरांच्या हाती, तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग घासून आणि तारेखाली सूत सरकवून तीच झणझण जवारी म्हणून बुद्धिपुरस्सर निर्माण केली जाते, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तिची शास्त्रीय चिकित्सा केली होती. बेस गिटारीत तिचे ते स्थान नाही हे खरे; तरीही बेतशीर झणझण, जी जवळ कान नेल्यास ऐकू येते पण अँप्लिफायरमधून येत नाही, ती पुष्कळ वादक जाणून चालवून घेतात, कारण ती समूळ घालवण्यासाठी तारा चढवल्या तर डाव्या हाताचा वेग त्याची किंमत मोजतो.