जे घडत नाही त्याची नोंद

अरुणा शानबाग हे नाव महाराष्ट्राला दोन कारणांनी ठाऊक आहे. एक, १९७३ साली केईएम रुग्णालयात काम करत असताना या परिचारिकेवर झालेला पाशवी हल्ला. आणि दुसरं, त्यांच्या निमित्ताने २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाविषयी दिलेला निकाल. या दोन्हींच्या मध्ये एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं, तेव्हा सदतीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या शरीरावर बेडसोर, म्हणजे शय्याव्रण नव्हते. वैद्यकाची थोडी ओळख असलेला माणूस हे वाक्य पुन्हा वाचेल. माणूस एकाच स्थितीत पडून राहिला की माकडहाड, टाचा, खांद्याची हाडं यांच्यावरची कातडी हाड आणि गादी यांच्यात दाबली जाते, तिथला रक्तप्रवाह अडतो आणि काही तासांतच ती मरू लागते. सुरुवात फक्त लालसर डागाने होते. बोटाने दाबल्यावर डाग पांढरा पडला तर अजून वेळ आहे. लालच राहिला तर इजा सुरू झाली आहे. हा डाग जखम होण्याआधी दिसावा लागतो, चादरीची सुरकुती आणि ओल वेळेवर काढावी लागते, कूस बदलावी लागते. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हटलं तर सदतीस वर्षांत दीड लाखाहून अधिक वेळा. नर्सेसच्या एका पिढीने पुढच्या पिढीकडे सोपवलेलं हे काम होतं आणि त्याचं फळ काय, तर कातडीवर काहीही नाही.

परिचारिकेच्या कामाची सगळी अडचण इथेच आहे. ते नीट झालं की काही घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. शस्त्रक्रिया दिसते, औषधाचं बिल दिसतं. ताप चढण्याआधी ओळखलेला जंतुसंसर्ग मात्र कुणाच्याच खात्यावर जमा होत नाही. मग आपण या कामाला ‘सेवा’ म्हणतो, १२ मेला गुलाबाचं फूल देतो आणि मोकळे होतो. सेवा हा शब्द वाईट नाही. पण सेवेला कौशल्य लागतं आणि वेळ लागतो, हे त्या शब्दात झाकलं जातं. ज्यांच्या जन्मदिवशी हे फूल दिलं जातं, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा दिवा सर्वांना माहीत आहे. सैन्यातल्या मृत्यूंची कारणं मांडणारे त्यांचे तक्ते आणि इंग्लंडच्या सांख्यिकी संस्थेचं त्यांना मिळालेलं सभासदत्व फारसं कुणाला आठवत नाही. हे काम मोजता येतं, असं त्यांनी तेव्हाच दाखवलं होतं.

पुढे ते मोजलंही गेलं. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांमधल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात आढळलं. यावरचा आक्षेप रास्त आहे. ज्या रुग्णालयात नर्सेस जास्त, तिथे पैसा, यंत्रं, चांगले सर्जन हेही जास्त असणार. मग श्रेय नर्सेसना कशाला? संशोधकांनी अशा फरकांचा हिशेब धरला होता, तरी शंका पूर्ण फिटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने २०१६ साली तिच्या उत्तरासाठी जणू प्रयोगच करून दिला. काही सरकारी रुग्णालयांत दिवसा एका नर्सकडे सरासरी चारच आणि रात्री सातच रुग्ण, असं बंधन आलं. बाकीची रुग्णालयं होती तशीच राहिली. ‘लॅन्सेट’मध्ये २०२१ साली आलेल्या अभ्यासानुसार, बंधन आलेल्या रुग्णालयांत मृत्यू आणि पुन्हा भरती होणं यांबाबत स्थिती तुलनेने सुधारली, आणि मुक्काम कमी झाल्याने वाचलेला पैसा जादा नर्सेसच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक होता. ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी.

आता मॉनिटर आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, पण ते बहुतेक आयसीयूत. जनरल वॉर्डात आपल्याकडे पहारा असतो नातेवाइकांचा. ते मनापासून करतात. पेशंटला भरवतात, पुसून घेतात, रात्र रात्र जागतात. पण रात्रभर कण्हणारा माणूस पहाटे गप्प झाला की त्यांना हायसं वाटतं. ‘आता शांत झोप लागली’ असं ते सांगतात. नर्स मात्र हाक मारून बघते, हाताला घाम आहे का पाहते, इन्सुलिन दिल्यानंतर जेवण पोटात गेलं होतं का विचारते आणि साखर तपासते. तीच शांतता नातेवाइकाला आराम वाटते आणि नर्सला धोक्याची खूण. यंत्र आकडा दाखवील. काल रात्रीपेक्षा हा माणूस आज वेगळा वाटतोय, हे पाळी बदलताना ओव्हर देणारी सिस्टरच सांगते.

रुग्णालयाबाहेर, उपकेंद्रातही हेच आहे. सपाट भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असं आपलं सूत्र. तिथली एएनएम म्हणजे गावाची सिस्टर. लस टोचणं हा तिच्या कामाचा सर्वांत सोपा भाग. कुपीवरच्या खुणेतला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाहून फिका आहे ना, हे आधी बघायचं. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर लसीला उष्णता लागली, ती टाकायची. आणि टोचून झाल्यावर आईला सांगायचं, ही कोणती लस, आज रात्री ताप येऊ शकतो, आला तर काय करायचं, पुढची कधी, कार्ड जपून ठेव. पेंटाव्हॅलंट लस बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात. पहिल्या लसीनंतर बाळ रात्रभर तापाने किरकिरलं आणि असं होईल हे आईला आधी कुणी सांगितलेलंच नसेल, तर दहाव्या आठवड्यात ती आई उपकेंद्राकडे फिरकेलच असं नाही. तेव्हा लस थंड ठेवणाऱ्या शीतसाखळीवर केलेला सगळा खर्च त्या दोन मिनिटांच्या बोलण्यावर टांगलेला असतो. आरोग्यप्रसार म्हणजे भिंतीवरची पोस्टरं, असं समजणाऱ्यांना ही दोन मिनिटं दिसत नाहीत. एएनएमच्या टेबलावर रजिस्टरांची चळत वाढत गेली, तर आधी कापली जातात तीही हीच.

वेळेचा हा प्रश्न वॉर्डात आणखी उघडा पडतो. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांसाठी तीन खाटांमागे एक नर्स आणि इतरत्र पाच खाटांमागे एक असं आहे. हे आकडे एकूण पदांचे. तीन पाळ्यांत वाटले की एकीच्या वाट्याला नऊ किंवा पंधरा खाटा येतात. गर्दीच्या सरकारी वॉर्डात जमिनीवरच्या गाद्या धरल्या तर रात्रपाळीला एका सिस्टरकडे चाळीस पेशंट असणं कुणाला नवल वाटत नाही. टीपीआर चार्टवर तापमान, नाडी आणि श्वास असे तीन आकडे भरायचे असतात. प्रकृती बिघडू लागली की बऱ्याचदा आधी बदलतो तो श्वासाचा वेग, आणि तो नीट मोजायचा तर घड्याळाकडे आणि छातीकडे बघत पुरा एक मिनिट उभं राहावं लागतं. तीनही आकडे आणि रक्तदाब मिळून पेशंटमागे चारच मिनिटं धरली, तरी चाळीस जणांची एक फेरी दोन तास चाळीस मिनिटांची होते. मधे सलाईन संपणार, कुणी उलटी करणार, कॅज्युअल्टीतून नवा पेशंट येणार. अशा वॉर्डातले चार्ट चाळून पाहिले तर नाडीचे आकडे वेगवेगळे दिसतील, तापाचेही दिसतील. श्वासाच्या रकान्यात मात्र ओळीने वीस, वीस, वीस लिहिलेलं सापडलं, तर ती सिस्टर आळशी आहे असं म्हणण्याआधी वॉर्डातल्या खाटा मोजाव्यात.