पंगसच्या खाद्यातली एन्झाइमची पुडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाथर्डी तालुका अवर्षणप्रवण. इथे तिसगाव परिसरात शेततळ्यातलं पाणी निव्वळ फळबागेला देण्यापेक्षा त्यात पंगसही वाढवावा, हा विचार चांगलाच. पण पंगसच्या खर्चात सर्वात मोठा वाटा खाद्याचा असतो, म्हणून ‘एन्झाइम घाला, मासा फुगेल’ हे बोलणं पटकन गळी उतरतं.

एन्झाइमनं मासा फुगत नाही. ते हार्मोन नाही, प्रतिजैविकही नाही. ते प्रथिन आहे, आणि खाद्यात आधीपासून असलेलं पण न पचणारं अन्न मोकळं करणं एवढंच त्याचं काम. सोयापेंड आणि भाताच्या कोंड्यातलं जवळपास दोन तृतीयांश स्फुरद फायटेटच्या रूपात अडकलेलं असतं. माशाला ते पचत नाही, विष्ठेवाटे पाण्यात जातं. फायटेज हे एन्झाइम ते सोडवतं. त्याला आम्ल मानवतं आणि पंगस, मागूर यांच्या जठरात आम्ल असतं. रोहू-कटल्याला जठरच नाही, त्यामुळे त्यांच्या तळ्यातला अनुभव पंगसला लावू नये.

प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात फायटेजचं मोल जास्त. तिथे स्फुरद शोषायला तळाची माती नसते. वाया गेलेलं स्फुरद पाण्यातच राहतं, शेवाळ माजतं, पाणी गर्द हिरवं होतं आणि पहाटे ऑक्सिजन घटतो.

‘भरडा शिजवतानाच पुडी टाकली तरी चालते’ हा समज सर्वात महागात पडतो. उकळत्या भरड्यात एन्झाइम निकामी होतं. कारखान्यातही ते बहुधा गोळी तयार झाल्यावर फवारतात. उलट कच्च्या सोयाबीनमधला प्रथिन पचू न देणारा घटक उष्णतेनंच जातो, फायटेजनं नाही. म्हणून सोयाबीन आधी नीट भाजायचं, भरडा पूर्ण निवू द्यायचा आणि मगच पुडी मिसळायची. खाद्याच्या किलोमागे साधारण ५०० ते १००० एफटीयू (फायटेजच्या क्रियाशीलतेचं एकक) पुरतं. मात्रा ग्रॅमवर नव्हे, पाकिटावरच्या एफटीयूवर ठरवा.

‘आता फिशमील नको’ हेही खरं नाही. फायटेज लायसिन किंवा मेथिओनिन या अमिनो आम्लांची उणीव भरून काढत नाही. आणि खाद्यात फिशमीलच भरपूर असेल, तर सोडवायला फायटेट फारसं नसतंच. तिथे पुडीचे पैसे वाया.

 

थंडीत पाणी गार पडलं की पंगस खाणंच कमी करतो. तेव्हा पुडी नव्हे, खाद्य कमी करा.