ट्रॅक्टरचा पाना कुणाच्या हातात?

ऑक्टोबर छाटणी झाली, पोंगा फुटला, की निफाड तालुक्यातल्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराचं निम्मं लक्ष आभाळाकडे असतं. रात्री पाऊस पडून पानं ओली राहिली तर डावणीचा रोग आलाच म्हणून समजा. अशा दिवशी सकाळीच फवारणी व्हायला हवी. दुपारपर्यंत थांबण्यात धोका असतो आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्यात तर नुकसान ठरलेलंच. फवारणी म्हणजे ट्रॅक्टर आणि त्याच्यामागचा ब्लोअर. नेमका त्या सकाळी ट्रॅक्टर चालू झाला नाही आणि शोरूममधून ‘मेकॅनिक परवा येईल’ असं उत्तर आलं, तर त्या दोन दिवसांची किंमत सर्व्हिसिंगच्या कुठल्याही बिलात लिहिलेली नसते. ती बागेत, घडांवर मोजावी लागते.

आमच्या घरी ट्रॅक्टर मी चालवते. यांची नोकरी सिन्नरच्या एमआयडीसीत, शेती मी आणि दादा, म्हणजे माझे सासरे, मिळून बघतो. ‘मशीनचं काम मेकॅनिककडेच द्यावं, आपण हात लावू नये’ असं मला खूप जणांनी सांगितलं. उलट टोकाचेही लोक आहेत. ते पाना घेऊन थेट डिझेल पंपाचं सील तोडायला निघतात. मला दोन्ही पटत नाहीत. रोजची आणि तासांवर ठरलेली देखभाल मालकाच्या घरातच झाली पाहिजे, ती दुसऱ्यावर टाकता येत नाही. मात्र ज्या भागांना मापाची हत्यारं लागतात, ते भाग जाणत्या मिस्त्रीचेच. ही रेघ कुठे मारायची ते कळण्यासाठी आपल्या मशीनची थोडी तरी ओळख लागते.

ओळखीची सुरुवात तास मोजणाऱ्या मीटरपासून करावी. ट्रॅक्टरचं वय किलोमीटरवर धरत नाहीत, इंजिन किती तास चाललं त्यावर धरतात. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिसिंग साधारण ५० तासांना असते. पुढे बऱ्याच मॉडेलना दर २५० तासांनी इंजिन ऑइल बदलायला सांगितलेलं असतं, काही नव्या मॉडेलना ही मुदत जास्त आहे. आपल्या गाडीला नेमकं काय लागू आहे, ते कंपनीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात तारीख, मीटरचे तास, काय बदललं आणि कुठल्या ग्रेडचं ऑइल टाकलं एवढंच लिहिते. वॉरंटी चालू असेपर्यंत मात्र सर्व्हिसिंग शोरूममधूनच करून घ्यावी आणि प्रत्येक बिल जपून ठेवावं. फुकट सर्व्हिसच्या कूपनावर मजुरी माफ असते, ऑइल-फिल्टरचे पैसे सहसा आपल्यालाच द्यावे लागतात, हेही आधी विचारून घ्यावं. आणि गाडी सोडून घरी येऊ नये. तिथे उभं राहून बघावं. बघण्याइतकं स्वस्त शिक्षण दुसरं नाही.

इंजिन लवकर म्हातारं होतं ते धुळीनं. उन्हाळ्यात रोटर मारताना ट्रॅक्टर धुळीच्या लोटातच चालत असतो, आणि तीच हवा इंजिन ओढून घेतं. एअर फिल्टर नीट नसेल तर ती बारीक माती लायनर आणि पिस्टनच्या रिंगा घासत राहते. वर्षभरात गाडी ऑइल खायला लागते, आणि मग मिस्त्री हेड उतरवायचं म्हणतो तेव्हा आपल्याला धक्का बसतो. आमच्या ट्रॅक्टरचा फिल्टर जुन्या पद्धतीचा, ऑइलच्या वाटीचा आहे. धुळीच्या कामात मी रोज संध्याकाळी क्लिप काढून वाटी बघते. तळाशी गाळ बसला असेल तर वाटी डिझेलनं धुऊन खुणेपर्यंत नवं ऑइल भरते. खुणेच्या वर भरायचं नाही, कारण जास्तीचं ऑइल हवेबरोबर इंजिनात ओढलं जातं. कोरडा, कागदी फिल्टर असेल तर हवा मारायची ती कमी दाबानं आणि आतून बाहेर. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात घुसून बसते. कागदाचा फिल्टर धुवायचा नाही. त्याच्या आत आणखी एक छोटा फिल्टर असतो, तो साफ करायचा नसतो, पुस्तिकेत दिलेल्या वेळी बदलायचा असतो.

यात एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटते. फिल्टरपासून इंजिनापर्यंत जो रबरी पाइप जातो, तो उन्हानं आणि उष्णतेनं तडकतो, नाहीतर त्याची क्लॅम्प ढिली होते. मग कितीही महागाचा फिल्टर बसवा, धूळ त्या फटीतून सरळ आत जाते. पाइप हातानं वाकवून, वळवून बघावा. तडा गेलेला असेल तर त्या ठिकाणी मातीची बारीक रेघ दिसते.

दुसरा शत्रू म्हणजे डिझेलमधलं पाणी आणि कचरा. टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं पाणी धरत नाही. डिझेल फिल्टर बदलणं हे घरी होण्यासारखं काम आहे, आणि ते ज्याला येतं त्याची फवारणीची सकाळ वाया जात नाही. आधी टाकीचा कॉक बंद करायचा आणि फिल्टरच्या बाहेरची माती फडक्यानं पुसून काढायची, नाहीतर तीच आत पडते. जुना फिल्टर काढला की त्याबरोबर जुनी रबरी रिंगही काढायची. ती तशीच ठेवली तर तिथून पुन्हा हवा शिरते. नवी रिंग डिझेलनं ओली करून फिल्टर बसवायचा आणि कॉक उघडायचा. आता लाइनमध्ये हवा धरलेली असते, ती काढल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा बोल्ट थोडा ढिला करायचा, खाली डबा धरायचा आणि फीड पंपाची हातातली दांडी मारत राहायची. सुरुवातीला फेस येतो, मग बुडबुडे सुटे सुटे होतात आणि एका क्षणी बुडबुड्याशिवाय डिझेलची सलग धार लागते. धार चालू असतानाच बोल्ट आवळायचा. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा आधी, मग पुढचा, आणि शेवटी पंपावरचा बोल्ट. पहिल्या वेळी मिस्त्रींना शेजारी उभं करून हे करावं, नंतर आपण एकट्यानं निभावून नेतो.

ब्लोअरची गोष्ट वेगळी आहे, त्याच्याकडे कुणीच सर्व्हिसिंगच्या नजरेनं बघत नाही. नोझलमधली चकती औषधाच्या कणांनी झिजते, भोक मोठं होतं आणि थेंबही मोठे पडतात. औषध जास्त जातं आणि पानाच्या खालच्या बाजूला मात्र पोचत नाही. डावणीची पांढरी वाढ दिसते ती पानाखालीच. मी हंगामाआधी टाकीत साधं पाणी भरते, पंखा बंद ठेवते, प्रत्येक नोझलला पाइपचा तुकडा लावून त्याखाली बाटली ठेवते आणि एक मिनिट पंप चालवते. सगळ्या बाटल्यांत पाणी सारखं यायला हवं. ज्या बाटलीत ते जास्त दिसतं, त्या नोझलची चकती बदलते. एवढ्यासाठी कुठल्याही मेकॅनिकची गरज नाही.

ट्रॅक्टरच्या मागून ब्लोअर, रोटर फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टबद्दल मात्र मला जरा कळकळीनंच सांगायचं आहे. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. पदर, ओढणी किंवा उपरण्याचं टोक त्यात गेलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. आपल्याकडे त्याच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं की नवं बसवत नाहीत, ग्रीस मारायला सोपं जातं म्हणून कित्येक जण ते स्वतःच काढून टाकतात. ते बसवून घ्या. क्रॉसला ग्रीस मारायचं असेल, रोटरची पाती आवळायची असतील, तर इंजिन बंद आणि चावी आपल्या खिशात. उचललेल्या रोटरखाली लाकडी ठोकळा लावल्याशिवाय हात घालू नका, हायड्रोलिकच्या भरवशावर राहू नका. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडा आणि बसवताना तो शेवटी जोडा, म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही. कामाच्या वेळी मी साडीवर शर्ट घालते आणि पदर आत खोचून घेते. घरच्या बायका, पोरं मदतीला असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा.

आता मिस्त्रींचं काम. डिझेल पंप, इंजिनाचं नोझल, हायड्रोलिकचा पंप, गिअरबॉक्स, क्लच प्लेट यांना मी हात लावत नाही. जुन्या पद्धतीच्या इंजिनातही नोझल सुमारे २०० बार दाबाला उघडतं. तो दाब मोजायचं मशीन पंपवाल्याकडे असतं, माझ्याकडे नाही. पण इथेही मालकाचं काम संपत नाही. आमच्या गावचे मिस्त्री मला म्हणाले होते, “वहिनी, लोक येतात आणि पिकअप नाही एवढंच सांगतात. धूर कुठल्या रंगाचा, गाडी गरम झाल्यावर की थंडीत, हे कुणी सांगितलं तर माझी अर्धी खोलाखोल वाचते आणि त्यांचे पैसेही.” ते खरं आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते, डिझेल जास्त जातं किंवा गाडीवर लोड जास्त आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे, मग गाडी चालूच करायची नाही. काळा धूर बघून मी आधी एअर फिल्टर बघते. पुष्कळदा दुखणं तिथेच असतं, आणि पंप खोलायची वेळ येत नाही.

ऑइलच्या बाबतीत दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतात त्या ट्रॅक्टरना मागच्या भागात त्यांच्यासाठीचं वेगळं ऑइल लागतं. साधं गिअर ऑइल टाकलं तर ब्रेक लावताना घरघर ऐकू येते. सुटे भागही अस्सलच घ्यावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या टायरवरचा आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा करही १८ वरून ५ टक्के झाला. तेव्हा दोन पैसे वाचवायला बनावट भाग घेण्याचं कारण आता आणखी कमी झालं आहे. पक्कं बिल मागावं आणि त्यावर कराचा दर बघावा.

नव्या, मोठ्या ट्रॅक्टरची तऱ्हा मात्र वेगळी झाली आहे. १ जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे कॉमन रेल इंजिन आणि सेन्सर आले. या इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. इंजिन फिरत असताना नोझलचा नट ढिला करून हवा काढायची गावातली जुनी युक्ती इथे वापरली तर डिझेलची धार कातडीत घुसते. हे चुकूनही करू नका. धोक्याचा दिवा लागला तर दोष शोधायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते सहसा शोरूमकडेच असतं. तिथे आपल्या मिस्त्रीचे हात बांधले जातात, आणि मला हे अन्यायाचं वाटतं.

हा प्रश्न जगभरातल्या शेतकऱ्यांचा आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. शेतीयंत्रं बनवणाऱ्यांनी दुरुस्तीच्या पुस्तिका, सुटे भाग, हत्यारं आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्याला उपलब्ध करून द्यावं, असं तो सांगतो. पुण्याजवळ सणसवाडीला जिचा कारखाना आहे त्या जॉन डिअर कंपनीवर अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगानं जानेवारी २०२५ मध्ये याच मुद्द्यावर खटला भरला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, तिनं पहिल्या चार क्षेत्रांत शेतीयंत्रं घेतली, आणि त्याच डिसेंबरात त्यासाठीची वेबसाइटही सुरू झाली. त्याआधी २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड लावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याचा ठपका त्यांच्यावर होता. ट्रॅक्टरवाल्यांनीही असाच आवाज उठवायला हवा. द्राक्ष बागायतदारांचे मेळावे होतात, तिथे औषधांवर तासन्‌तास चर्चा होते, त्यात दुरुस्तीच्या हक्काचा विषय घ्यावा.

शिकायची सोयही आहे. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची शेतीयंत्रांची प्रशिक्षण आणि चाचणी संस्था १९५५ पासून आहे. ट्रॅक्टर वापरणाऱ्यांसाठी तिथे देखभालीचे वर्ग असतात. एवढ्या लांब जाणं जमलं नाही तर गावातले आठ-दहा ट्रॅक्टरवाले मिळून एखाद्या रविवारी मिस्त्रींना बोलवा, त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि फिल्टर बदलण्यापासून ग्रीस मारण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हातानं करून घ्या. घरातल्या बायकांना त्यात जरूर बसवा.

आणि नवा ट्रॅक्टर घेणार असाल तर मराठीतली पुस्तिका मागून घ्या. ऑइलची ग्रेड, किती लिटर, किती तासांनी, हे सगळं तिच्यात असतं. ती हातात पडल्याशिवाय डिलिव्हरीच्या कागदावर सही करू नका.