आजोबांची तिकिटे आणि रविवारची रात्र

राऊच्या एका स्नेह्यांकडे परवा माळ्यावरून आजोबांचा तिकिटसंग्रह खाली आला. होळकर संस्थानाने १८८६ साली आपली पहिली टपालतिकिटे काढली. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले; पण त्या चिमुकल्या कागदांवर तुकोजीराव, शिवाजीराव, यशवंतराव आजही विराजमान आहेत.

नातवाने विचारले, “इंटरनेटवर यांचा लिलाव केव्हा लावावा?”

प्रश्न व्यवहाराचा खरा. अशा लिलावात बोली बहुधा अखेरच्या काही मिनिटांत चढते. तेव्हा शौकीन मंडळी जेवणे उरकून निवांत बसतात त्या रविवारी रात्री, नऊच्या सुमारास, मुदत संपावी. ऐन दिवाळीचे दिवस टाळावेत. लिफाफ्यावरचे तिकीट सोलू नये. शिक्क्यासह लिफाफ्याला मोल अधिक. आणि शंभर वर्षांपूर्वीची ऐतिहासिक वस्तू परदेशी धाडण्यास १९७२ च्या कायद्याची आडकाठी आहे, म्हणून गिऱ्हाईक देशातलेच पाहावे.

पण वाचकहो, आजोबा आता नव्वदीला आले आहेत. कोणता लिफाफा कोणी, कोणत्या प्रसंगी पाठवला, हे घरात तेवढे तेच जाणतात. ते आधी टिपून घ्यावे. लिलावाला घाई कशाला? रविवार काय, दर आठवड्याला येतो.