इंग्रजीत पुरावा कसा द्यावा? 'हू', 'विच' आणि एक स्वल्पविराम

आपली मुले आता इंग्रजी बरेच लिहू लागली आहेत. सेमी-इंग्रजीत शिकणारी, उर्दू माध्यमातून आलेली, मराठी शाळेतली, सगळीच. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' लिहावे लागते, म्हणजे एखाद्या मताच्या बाजूने किंवा विरुद्ध मुद्दे मांडावे लागतात. पुढे कॉलेजात निबंध, प्रकल्प, स्पर्धा परीक्षा येतात. तिथे शब्दसंपत्तीपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीत मुले कमी पडतात. मत जोरात मांडतात, पण त्याला आधार देत नाहीत. आणि आधार ठाऊक असला तरी तो वाक्यात कुठे आणि कसा बसवायचा, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

या कामासाठी इंग्रजीत एक सोपी सोय आहे. व्याकरणाच्या पुस्तकात तिला 'रिलेटिव्ह क्लॉज' म्हणतात, मराठीत संबंधी उपवाक्य. 'हू', 'विच', 'दॅट', 'हूज', 'व्हेअर' या शब्दांनी ते सुरू होते. माणसासाठी 'हू', वस्तू, संस्था किंवा अहवालासाठी 'विच', इतके लक्षात ठेवले तरी सुरुवात होते. परीक्षेत रिकाम्या जागा भरण्यापुरते आपण ते शिकतो आणि सोडून देतो. त्याचा खरा उपयोग मात्र पुरावा देताना आहे.

एक उदाहरण घेऊ. मुसलमानांची मुले शाळेत जात नाहीत, मदरशातच जातात, असे आपण अनेकदा ऐकतो. एखाद्या विद्यार्थ्याला याचे उत्तर इंग्रजीत लिहायचे आहे. तो लिहितो: 'मेनी पीपल से दॅट मुस्लिम चिल्ड्रन गो ओन्ली टू मदरसाज. धिस इज नॉट ट्रू.' भावना खरी आहे, पण वाचणाऱ्याने का मानावे? एकाने 'आहे' म्हटले, दुसऱ्याने 'नाही' म्हटले, आणि वाद होता तिथेच राहिला.

आता हेच असे लिहू: 'द सच्चर कमिटी, विच सबमिटेड इट्स रिपोर्ट इन नोव्हेंबर २००६, फाउंड दॅट ओन्ली ३ पर्सेंट ऑफ मुस्लिम चिल्ड्रन ऑफ स्कूल-गोइंग एज वेंट टू मदरसाज.' अर्थ असा की, नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल देणाऱ्या सच्चर समितीला शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी फक्त ३ टक्के मुले मदरशात जाताना आढळली. वाक्य एकच, पण कोणी सांगितले, कधी सांगितले आणि किती, या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. 'विच'ने सुरू होणारा तुकडा दोन स्वल्पविरामांच्या मध्ये बसला आणि त्याने समितीची ओळख करून दिली.

वाचणाऱ्याला समितीच ठाऊक नसेल, तर आणखी एक वाक्य लिहावे: 'राजिंदर सच्चर, हू हॅड बीन चीफ जस्टिस ऑफ द दिल्ली हाय कोर्ट, हेडेड द कमिटी.' दिल्ली उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश या समितीचे प्रमुख होते, हे कळले की वाचणारा ती आकडेवारी गंभीरपणे घेतो. साक्षीदार कोण, हे सांगण्याचे काम इथे 'हू'ने केले.

आपल्या भाषा आणि इंग्रजी

मुले इथे कुठे अडखळतात ते पाहू. मराठीत आपण सहज म्हणतो, 'ज्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला, त्या समितीने असे सांगितले.' 'ज्या' आला की 'त्या' येतोच, ही जोडी मराठीची सवय आहे. मुले ती जोडी जशीच्या तशी इंग्रजीत नेतात: 'द कमिटी विच सबमिटेड द रिपोर्ट, दॅट कमिटी सेड.' इंग्रजीत दुसरा 'त्या' लागत नाही. 'विच'ने एकदा समितीकडे बोट दाखवले की पुन्हा तिचे नाव घ्यायचे नाही, सरळ क्रियापदावर यायचे.

उर्दू बोलणाऱ्या मुलांना इथे थोडा फायदा आहे. उर्दूत 'वो कमेटी, जिस ने रिपोर्ट पेश की' असे म्हणता येते. आधी नाव, मग 'जिस', मग माहिती. इंग्रजीचा क्रमही हाच आहे. घरात उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या मुलाला एवढे दाखवले की त्याला इंग्रजी वाक्य परके वाटत नाही. मराठी माध्यमाच्या मुलालाही 'ती समिती, जिने अहवाल दिला' असे एकदा म्हणायला लावावे. कानाला थोडे वेगळे लागेल, पण क्रम पक्का बसेल.

स्वल्पविराम असेल तर आणि नसेल तर

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही दोन वाक्ये पाहा.

'मुस्लिम चिल्ड्रन हू स्टडी इन मदरसाज नीड सायन्स टीचर्स.'

'मुस्लिम चिल्ड्रन, हू स्टडी इन मदरसाज, नीड सायन्स टीचर्स.'

शब्द तेच आहेत. पहिल्या वाक्यात स्वल्पविराम नाही. त्याचा अर्थ, मुस्लिम मुलांपैकी जी मदरशात शिकतात, फक्त त्यांना विज्ञानाचे शिक्षक हवेत. दुसऱ्या वाक्यात 'हू'चा तुकडा स्वल्पविरामांमध्ये आहे. त्याचा अर्थ, मुस्लिम मुले मदरशातच शिकतात, सगळीच, आणि त्यांना विज्ञानाचे शिक्षक हवेत. पहिले वाक्य त्या ३ टक्क्यांबद्दल बोलते, दुसरे सगळ्या समाजाबद्दल. लिहिणाऱ्याच्या मनात असे काही नसेलही, पण दोन स्वल्पविरामांनी तोच गैरसमज छापून टाकला, जो खोडून काढायचा होता.

नियम असा. कोणाबद्दल बोलतो आहोत हे ठरवण्यासाठीच तो तुकडा आवश्यक असेल, तर स्वल्पविराम नको. कोणाबद्दल ते आधीच ठरले असेल आणि तुकडा फक्त जादा माहिती देत असेल, तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवा. सच्चर समिती एकच आहे, म्हणून तिच्यानंतर स्वल्पविराम आला. आणि स्वल्पविरामानंतर 'दॅट' वापरत नाहीत, तिथे 'विच' किंवा 'हू'च हवे.

या विषयात आणखी एक घोटाळा होतो. मकतब आणि मदरसा यांत लोक फरक करत नाहीत. मकतबमध्ये जाणारी पुष्कळ मुले दिवसा नेहमीच्या शाळेतच असतात, सकाळी किंवा संध्याकाळी तासभर कुरआन वाचायला मकतबमध्ये जातात. सच्चर अहवालानेही हा फरक नोंदवला आहे. 'चिल्ड्रन हू गो टू अ मकतब आफ्टर स्कूल' असे लिहिले की फरक वाक्यातच दिसतो.

मुख्य गोष्ट कुठे ठेवावी?

स्वल्पविरामांमध्ये ठेवलेली माहिती दुय्यम होते. म्हणून आपला मुद्दा तिथे दडपू नये. 'द सच्चर कमिटी, विच फाउंड दॅट ओन्ली ३ पर्सेंट वेंट टू मदरसाज, सबमिटेड इट्स रिपोर्ट इन २००६' हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात अहवालाची तारीख राहते आणि ३ टक्के निसटतात. तारीख, पद, ठिकाण हे स्वल्पविरामांच्या आत ठेवावे, निष्कर्ष बाहेर मुख्य वाक्यात. आणि एका वाक्यात असा एकच तुकडा पुरे. तीन-तीन 'विच' आले की वाचणारा दमतो.

'विच शोज दॅट' जपून वापरावे

पुरावा दिल्यावर त्यातून काय दिसते, हेही 'विच'ने सांगता येते. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के होती, मुसलमानांची ५९.१ टक्के. यावर असे लिहिता येईल: 'द लिटरसी रेट अमंग मुस्लिम्स वॉज ५९.१ पर्सेंट, विच वॉज लोअर दॅन द नॅशनल रेट ऑफ ६४.८ पर्सेंट.' इथपर्यंत ठीक. पण कोणी पुढे लिहिले, 'विच प्रूव्हज दॅट मुस्लिम्स डू नॉट वॉन्ट एज्युकेशन', तर ते चूक आहे. आकडा अंतर दाखवतो, अंतराचे कारण दाखवत नाही. गरिबी, जवळ शाळा नसणे, मुलींसाठी दूरच्या शाळेचा प्रवास, अशी कारणे वेगळी तपासावी लागतात. 'प्रूव्हज' हा शब्द क्वचितच वापरावा. 'शोज' किंवा 'सजेस्ट्स' बहुतेक वेळा पुरतो.

हा नियम आपल्या आवडीच्या विषयालाही लागू आहे. फातिमा शेख यांच्यावर आपल्या मुली अभिमानाने भाषणे करतात. अशी कोणी व्यक्ती नव्हतीच, असा दावाही अलीकडे समाजमाध्यमांवर झाला. उत्तर रागाने देण्याऐवजी असे द्यावे: 'सावित्रीबाई फुले मेन्शन्ड फातिमा इन अ लेटर, विच शी रोट टू जोतिराव ऑन १० ऑक्टोबर १८५६.' नायगावहून लिहिलेल्या या पत्रात फातिमेचे नाव आहे, त्यांच्यावर पडलेल्या कामाच्या ताणाची काळजी आहे. पत्र एवढे सांगते. त्यात जन्मतारीख नाही, तेव्हा या पत्राच्या आधाराने जन्मतारीख लिहू नये. जेवढा पुरावा, तेवढेच वाक्य लिहिले की ते कुणाला सहज खोडता येत नाही.

घरी काय करता येईल?

अम्मी-अब्बूंना इंग्रजी येत नसले तरी हरकत नाही. मुलाने निबंध लिहिला की त्याला तो मराठीत किंवा उर्दूत समजावून सांगायला लावा आणि प्रत्येक दाव्यावर तीन प्रश्न विचारा: हे कोणी सांगितले? कधी सांगितले? सगळ्यांबद्दल सांगितले की काहींबद्दल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे 'हू' किंवा 'विच'ने सुरू होणाऱ्या तुकड्यात जातील. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून स्वल्पविराम द्यायचा की नाही, ते ठरेल. आठवड्यातून एकदा, वर्तमानपत्रातली एक बातमी घेऊन, पाच वाक्यांवर हा सराव झाला तरी वर्षअखेरीस मुलाच्या लिहिण्यात फरक दिसेल.