समतेची वाट (लेखांक ६) : कोर्टाचा निकाल गावात कसा पोहोचतो?

गेल्या आठवड्यात आपण कलम ३७७ ची कथा संपवली. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेणं आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल: सज्ञान व्यक्तींमधला, परस्परसंमतीचा समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. हे सारं दिल्लीत घडलं. आज तोच निकाल घेऊन आपल्याला अहिल्यानगर जिल्ह्यात यायचं आहे. चौदा तालुके, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. एका टोकाला अकोले तालुक्यातलं कळसूबाई, दुसऱ्या टोकाला जामखेड. एवढ्या मोठ्या मुलखात समलिंगी मुलं-मुली नाहीत, पारलिंगी माणसं नाहीत, असं कोणी गंभीरपणे म्हणू शकणार नाही. तरीही पारावर विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं, ‘ही सगळी पुण्या-मुंबईची फॅडं.’

हे वाक्य खोडायला फार लांब जावं लागत नाही. कवयित्री दिशा पिंकी शेख श्रीरामपूरच्या. मूळ गाव येवला, जन्म भटक्या समाजातल्या कुटुंबात. ‘कुरूप’ हा त्यांचा कवितासंग्रह. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने त्यांना प्रवक्तेपद दिलं. आपल्याकडे तृतीयपंथी माणूस बहुतेकांना दिसतो तो दुकानाच्या दारात नाहीतर रेल्वेच्या डब्यात, टाळी वाजवून पैसे मागताना. श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावात राहणारी एक तृतीयपंथी स्त्री राजकीय पक्षाची भूमिका मांडते, कविता लिहिते, हे चित्र या जिल्ह्याने पाहिलं आहे. त्याची दखल जिल्ह्याने पुरेशी घेतली नाही, एवढंच.

आणि हा मुलूख तमाशाचा. पवळा हिवरगावकर संगमनेर तालुक्यातल्या. कांताबाई सातारकरही पुढे संगमनेरच्याच झाल्या. फडातल्या नाच्याला पाहून इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोट धरून हसली. बायकी चालीचा, लाडिक बोलीचा पुरुष कनातीच्या आत चालतो. तसाच मुलगा आठवीच्या वर्गात येऊन बसला की त्याचा जीव नकोसा केला जातो. माझ्या मते छळाची खरी जागा शाळा आहे. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जायला घाबरणारी मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि पुढे कधीतरी शाळाच सोडतात. पटावर त्यांची नोंद ‘गळती’ अशी होते. कारणाचा रकाना कोणी भरत नाही.

मराठी माणसाला हा विषय नवा आहे, हेही खरं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण याविषयी वाचक त्यात प्रश्न विचारत आणि कर्वे शास्त्राच्या आधाराने उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, आणि कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर कोणी लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं मिळालीच पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी मराठी मासिकात हा प्रश्न विचारला गेला होता आणि बाबासाहेबांनी तो विचारण्याचा हक्क कोर्टात लढवला होता, हे आज ‘फॅड’ म्हणणाऱ्यांना ठाऊक असायला हवं.

आता निकाल गावात कसा येतो ते पाहू. त्यासाठी आपल्याच विभागातलं एक प्रकरण बारकाईने पाहावं लागेल.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नाल्सा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकाल दिला. न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी सांगितलं की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा स्वतःचा आहे. पुढे साडेसहा वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. अंजली गुरू संजना जान यांनी सर्वसाधारण महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. ३१ डिसेंबरला छाननीत तो बाद झाला. कारण दिलं गेलं ते असं की या निवडणुकीत तृतीयपंथीयांसाठी आरक्षण नाही. म्हणजे पेच पाहा: स्त्री म्हणून अर्ज केला तर तुम्ही तृतीयपंथी, आणि तृतीयपंथीयांसाठी तक्त्यात जागाच नाही.

अंजली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. नगर जिल्ह्याची प्रकरणंही याच खंडपीठाकडे जातात, म्हणून हा निकाल आपल्यासाठी महत्त्वाचा. २ जानेवारी २०२१ रोजी न्या. रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारायला सांगितलं. स्वतःची लैंगिक ओळख ठरवण्याचा हक्क नाल्सा निकालाने आणि २०१९ च्या तृतीयपंथी हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि अंजलींनी स्त्री ही ओळख निवडलेली आहे, असं त्यांनी म्हटलं. मात्र त्यांच्याकडून एक हमीही घेतली गेली: यापुढे सोयीनुसार पुरुष म्हणून लाभ घेणार नाही. भविष्यात तृतीयपंथीयांसाठी वेगळं आरक्षण आलं तर तेवढा अपवाद. ही अट मला खटकते. दुसऱ्या कुठल्याही महिला उमेदवाराला आपण आयुष्यभर बाईच राहू असं कोर्टात सांगावं लागत नाही. पण निकालाची दिशा योग्य होती आणि तो दोन दिवसांत आला, हे अधिक मोलाचं. १५ जानेवारीला मतदान झालं आणि भादलीच्या मतदारांनी अंजलींना निवडून दिलं. त्याआधी, २०१७ मध्ये, सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने तृतीयपंथी ज्ञानदेव कांबळे यांना थेट सरपंच केलं होतं. गावकरी तयार असतात. अडतं ते अर्ज घेणाऱ्या टेबलापाशी.

त्या टेबलावर ओळखीचा पुरावा लागतो. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम आले. त्या नियमांनी पद्धत घालून दिली ती अशी: राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, आणि प्रमाणपत्र देणार जिल्हाधिकारी, तेही तीस दिवसांत. पहिल्या प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय तपासणी लावली नव्हती. (नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी ताजी तरतूद पाहून घ्यावी.) एक अट मात्र नेमकी ज्यांना गरज आहे त्यांनाच नडते. अर्जदार त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहिलेला हवा. घरच्यांनी हाकललेला मुलगा जामखेडहून नगरला, नगरहून पुण्याला, तिथून कुणा गुरूच्या डेऱ्यात जातो. त्याच्याकडे भाडेकरार नसतो, शिधापत्रिकेवरचं नाव बापाच्या ताब्यात असतं. त्याने बारा महिने दाखवायचे कुठून?

तालुक्याच्या पातळीवर मिळू शकणारी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांत तृतीयपंथीयांचा समावेश आहे. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. महिना दीड हजार रुपयांत पोट भरत नाही हे उघड आहे, पण निदान सरकारदरबारी त्या माणसाची नोंद होते. पोलीस भरतीत तृतीयपंथीयांसाठी वेगळा पर्याय नव्हता; आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल यांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं दार ठोठावलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला तो पर्याय द्यायला लावला. म्हणजे प्रत्येक रकान्यासाठी कोणाला तरी कोर्टात जावं लागलं आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ या रकान्यात झाली. समलिंगी स्त्री-पुरुषांची तर मोजणीच नाही. त्यांच्यापर्यंत सरकार पोहोचलं ते एड्सच्या निमित्ताने. नियंत्रण कार्यक्रमात पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष हा ‘जोखमीचा गट’ ठरला, निरोध वाटले गेले, ग्रामीण रुग्णालयांत समुपदेशन व चाचणी केंद्रं आली. नगरमध्ये १९८९ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि एचआयव्हीबाधित मुलांसाठी काम करणाऱ्या स्नेहालयसारख्या संस्थेमुळे या आजाराविषयी बोलायला जिल्हा शिकला. पण सरकारचा विरोधाभास मोठा होता. २००६ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना दिल्ली उच्च न्यायालयात सांगत होती की कलम ३७७ मुळे ही माणसं लपून राहतात आणि आमचं काम अडतं. त्याच खटल्यात केंद्राचं गृहखातं ते कलम हवंच म्हणत होतं.

आजाराच्या वाटेने आलेल्या या मदतीत समलिंगी बाया कुठेच नाहीत. त्या जोखमीचा गट नव्हत्या, म्हणून त्यांच्यासाठी केंद्र नाही, कार्यकर्ती नाही. त्यांची अडचण वेगळीच असते. विशीच्या आत स्थळं येऊ लागतात. दोघी मैत्रिणी घर सोडून गेल्या तर एकीचे वडील ‘मुलगी हरवली’ अशी तक्रार देतात, पोलीस शोधून आणतात आणि ‘समजूत घालून’ घरी सोडतात. इथे ११ मार्च २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा देवू नायर प्रकरणातला निकाल कामाला येतो. अशी प्रकरणं हाताळण्यासाठी न्यायालयांना त्यात स्पष्ट सूचना आहेत: त्या व्यक्तीशी एकांतात बोला, तिची इच्छा काय ते तिच्या तोंडून ऐका, समुपदेशनाच्या नावाखाली तिची ओळख किंवा कल बदलायचा प्रयत्न करू नका. सज्ञान मुलीला तिच्या मनाविरुद्ध आई-बापांच्या ताब्यात सोपवता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात या सूचना मराठीत लावलेल्या असाव्यात, अशी मागणी जिल्ह्यातल्या महिला संघटनांनी करायला हवी.

समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने दिला नाही. त्याविषयी पुढे स्वतंत्र लेख आहे. त्यानंतर थोडं काही हललं: ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आडकाठी नाही असं स्पष्ट केलं आणि शिधापत्रिकेसाठी अशा जोडप्याला एकाच घरातलं धरावं असं राज्यांना कळवलं. एवढ्याने संसार उभा राहत नाही.

समानता किती लांब आहे हे पाहायचं असेल तर शिक्षेचे आकडे वाचावेत. २०१९ च्या कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीला घरातून किंवा गावातून हुसकावणं हा गुन्हा आहे, ही चांगली तरतूद. पण त्याच कलमात लैंगिक अत्याचारही बसवला आहे आणि शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. बलात्काराला भारतीय न्याय संहितेत किमान दहा वर्षं आहेत. एकाच प्रकारच्या जखमेची किंमत माणूस पाहून ठरते, हे मला सहन होत नाही.

मग जिल्ह्यात काय करता येईल? पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला, मराठीत सोप्या भाषेत पुस्तकं लिहिली आणि ११ डिसेंबर २०११ रोजी पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा निघाली. आधी नऊ वर्षं ऐकून घेणं, माहिती देणं चाललं होतं, मग रस्त्यावर येणं. माझंही मत तेच आहे. संगमनेर किंवा श्रीरामपुरात पदयात्रेची घाई नको. त्या फोटोत दिसलेला मुलगा संध्याकाळी ज्या घरी परततो, ते घर आधी तयार व्हायला हवं. एखाद्या वाचनालयाची खोली, महिन्यातून एक दुपार, दारावर फलक नाही, आणि समोर बसलेले आई-बाप. लेखिका-नाट्यकर्मी चित्रा पालेकर यांनी आपली मुलगी समलिंगी आहे हे उघडपणे सांगितलं आणि इतर पालकांबरोबर त्या कलम ३७७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अशी एक आई तालुक्याला भेटली तर तिचं म्हणणं भाषणापेक्षा खोलवर जाईल.

आणि मुलाला ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे, बाबाकडे नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आहे. कल बदलण्याचे ‘उपचार’ हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. असा उपचार सुचवणाऱ्या डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी नगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात त्याची तालुका समिती. नाल्सा खटला दाखल केला तो याच यंत्रणेच्या राष्ट्रीय संस्थेने. तिची ही जिल्हा-तालुका पातळीवरची शाखा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतल्या व्यक्ती आणि उत्पन्नमर्यादेत बसणारा कोणीही तिथे मोफत वकील मागू शकतो. जाताना आधार कार्ड, असेल तर शिधापत्रिका किंवा तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आणि पोलिसांनी किंवा कार्यालयाने काही लेखी दिलं असेल तर त्याची प्रत सोबत ठेवावी. तोंडी नकार मिळाला असेल तर तारीख, वेळ आणि टेबल कोणतं होतं हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावं. अंजलींच्या हातात लेखी नकार होता, म्हणून दोन दिवसांत निकाल आला.

(पुढील आठवड्यात : घरी सांगावं का, कधी आणि कोणाला आधी?)