परवाना घराचा नव्हे, माणसाचा

आमच्या मुलुंडच्या घरीं नुकताच एक पेंच पडला. पुतण्याची बदली बंगळूरास झाली. त्यास नेमबाजीचा नाद. पॉइंट बावीसची त्याची रायफल रीतसर परवान्याची आहे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, नवी जागा मिळेपर्यंत ती इथेंच कपाटांत राहूं दे. किल्ली माझ्यापाशीं असेल!"

एकत्र कुटुंबांत भांडींकुंडीं, ग्रंथ सर्वांचेच असतात. म्हणून हा सल्ला सहज सुचतो. परंतु बंदूक ही देवघरांतील समईप्रमाणें घराची वस्तु नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवाना व्यक्तीस मिळतो, कुटुंबास नाहीं. पुतण्या परराज्यांत आणि रायफल इथें, असें झाल्यास विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा ठपका माझ्या वृद्ध बंधूंवर आणि वहिनींवर यावयाचा. २०१९ च्या दुरुस्तीनें या अपराधास सामान्यतः किमान दोन वर्षांचा कारावास सांगितला आहे.

मग मार्ग कोणता? परवान्यावर कोणता प्रदेश लिहिला आहे, तें प्रथम पाहावें. कर्नाटक त्यांत नसल्यास निघण्यापूर्वींच तो वाढवून घ्यावा. मुक्काम हलल्यावर तीस दिवसांच्या आंत तेथील परवाना-अधिकाऱ्यास लेखी कळवावें. प्रवासांत रायफल रिकामी करून पेटींत बंद असावी, काडतुसें निराळीं. मागें ठेवणें भागच पडलें, तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे पावती घेऊन ठेवावी.

हें सर्व समजावून सांगितल्यावर वहिनींनीं किल्लीचा आग्रह सोडला. मुलाची वस्तु जपण्याची त्यांची माया खरी. पण या वस्तूचा भार ज्याचा त्यानेंच वाहावयाचा असतो.